फ्रीजच्या पाठीवरची सोलं

आमच्या वाडीतला पहिला फ्रीज माझ्या पगारातून आला. हे मी तेव्हा ज्याला त्याला सांगत असे आणि आजही सांगते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. वडील गलबतावर खलाशी होते, मी शाळेत असतानाच गेले. आई अंगठा उठवायची. मी सावंतवाडीला नातेवाइकांकडे राहून, त्यांच्या घरची भांडी घासून बी.एस्सी. झाले आणि मालवणजवळच्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायला लागले. घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. म्हणून नोकरी कायम झाल्यावर हप्त्याने फ्रीज घेतला तेव्हा तो मी दूध नासू नये म्हणून घेतला नव्हता. लोकांनी बघावा म्हणून घेतला होता.

लोकांनी बघितलाही. कोल्हापूरहून टेम्पोतून फ्रीज उतरला तेव्हा आईने त्याच्यावर नारळ फोडला, दाराला हळदकुंकू लावलं आणि त्याच दिवशी जाहीर केलं की ह्यात मासे जाणार नाहीत. "शिळा म्हावरा खावचा आसात तर भायर जेव," असं तिने मला सुनावलं. कुंकू लावलेल्या वस्तूत बांगडा ठेवायचा हे तिच्या बुद्धीला पटेना. मासे नाहीत म्हटल्यावर मालवणच्या घरात फ्रीजमध्ये ठेवायचं तरी काय? दूध, थंड पाणी, कधीमधी दही. पहिले काही दिवस वाडीतली पोरं बर्फ मागायला यायची, नंतर तीही कंटाळली.

मग शेजारच्या काकींना इन्सुलिन सुरू झालं.

काकी म्हणजे आमच्या कुंपणापलीकडच्या. नवरा नव्हता, मुलगा मुंबईला गिरणीत. आईला त्या भावजयीसारख्या. आई त्यांना वयनी म्हणायची. डॉक्टरांनी सांगितलं, बाटली थंड ठेवायची, फ्रीज असेल तर उत्तम. काकी तडक आमच्याकडे आल्या.

"बाय गो, तुझ्या फ्रीजात माझ्या एवढ्याशा बाटलेक जागा आसा?"

"अख्खो फ्रीज रिकामो आसा वयनी, तूच जावन बस त्यात," आई म्हणाली. काकी इतक्या हसल्या की त्यांना पायरीवर बसावं लागलं.

दारातल्या अंड्यांच्या कप्प्यात ती बाटली उभी राहिली. आमच्याकडे अंडीही फ्रीजमध्ये जात नसत, तेव्हा तो कप्पा काकींचाच झाला. सकाळी जेवणाआधी आणि संध्याकाळी दिवेलागणीला त्या मागच्या दाराने यायच्या, हाक मारायच्या नाहीत, फ्रीज उघडून बाटली घ्यायच्या, सुई टोचून झाली की परत आणून ठेवायच्या. कधी आम्ही घरात नसलो तरी त्यांचं येणं जाणं चालूच. मला ते फार आवडायचं. माझ्या पगाराची वस्तू कुणाचं तरी आयुष्य टिकवते आहे, ह्याचा अभिमान वाटायचा. नुसता वाटून थांबत नव्हता, मी तो शिक्षकांच्या खोलीत बोलूनही दाखवायचे.

एकदा आईने विचारलं, "आत इतकी थंडी खयसून येता गो?"

विज्ञानाच्या बाईला असा प्रश्न विचारायची सोय नव्हती. खडू नव्हता म्हणून मी कोळशाने चुलीशेजारच्या भिंतीवर आकृती काढली. म्हटलं, आये, फ्रीज थंडी तयार करत नाही. तो आतली उष्णता उपसतो. आपला विहिरीवरचा पंप पाणी उपसतो तसा. नळीत एक गॅस फिरतो, तो आतली उष्णता उचलतो आणि मागच्या ह्या काळ्या जाळीतून बाहेर टाकतो. हात लावून बघ.

आईने फ्रीजच्या मागे हात घातला. जाळी चांगली ऊन होती. बराच वेळ तिने हात काढला नाही. मला वाटलं, पंपाची उपमा तिला आवडली.

मे महिन्याच्या शेवटी कोकमाचे रतांबे संपत आले होते. आईची सोलं, तुमची आमसुलं, बाजारात एका दुकानात जायची. तिच्या हातची सोलं म्हणजे काळीभोर, मऊ, तोंडात टाकली की जबडा आंबणारी. साल काढायची, आगळात, म्हणजे मीठ घातलेल्या रसात, बुडवायची, उन्हात वाळवायची, परत बुडवायची, परत वाळवायची. उन्हाचा भरवसा असेल तर सोपं. पण त्या वर्षी शेवटच्या घाण्याला मळभ आलं. सोलं बुरसायला लागली. एके दिवशी बाजारातून आले तर फ्रीजच्या मागे, जाळीच्या एकेका तारेवर ओळीने सोलं घातलेली. खाली जुनं फडकं.

"ह्या काय आये?"

"तूच म्हणालंस ना, गरमी मागसून भायर टाकता? ती फुकट जाता, मगे माझी सोलां सुकवली तर काय बिघाडला?"

मी हसत सुटले. खरं सांगायचं तर भारावून गेले. माझी निरक्षर आई, एका धड्यात तिने वाया जाणारी उष्णता कामाला लावली! शाळा उघडल्यावर तिथे सगळ्यांना सांगितलं. मुख्याध्यापकही म्हणाले, तुमच्या आईला शिकायला मिळालं असतं तर काय झालं असतं. त्या वर्षी ती सोलं उत्तम वाळली. पुढच्या वर्षी आईने मळभाची वाटही बघितली नाही, पहिल्यापासूनच एक घाणा उन्हात आणि एक फ्रीजवर. तारांवरून आगळ ओघळायचं, खालच्या नळीवर जमायचं, फडक्यावर टिपकायचं. ते मी रोज बघत होते. मीठ आणि आम्ल लोखंडाचं काय करतं, हा धडा मी नववीला शिकवत होते. त्याच महिन्यात तपासलेल्या पेपरात त्याच्यावर प्रश्न होता.

दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात फ्रीज थंड करेनासा झाला. मोटर चालू असायची, आवाज नेहमीसारखा, पण आत हात घातला तर घरातल्यासारखीच हवा. दूध नासलं. बर्फाचा कारखाना बंद होता, कारण पावसात होड्या किनाऱ्याला ओढलेल्या, मासेमारी बंद, तर बर्फ कोणाला हवा? काकींनी बाटली हातात घेतली, गालाला लावून बघितली आणि घरी नेली. त्यांच्या घरामागच्या विहिरीत, स्टीलच्या डब्यात घालून काथ्याच्या दोरीने पाण्याला टेकेल अशी सोडली. पावसाळ्यात विहीर काठापर्यंत येते आणि पाणी थंडगार असतं. डोकं चांगलं लढवलं होतं त्यांनी.

मेकॅनिकला सावंतवाडीहून बोलवायचं होतं. तो येईपर्यंत वाडीत चर्चा झाली. वाडीच्या मोठ्या विहिरीवर पाणी भरताना कोणीतरी आईला विचारलं, इतका महागाचा फ्रीज बिघडला कसा. आई बोलून गेली, "दिसातसून कितीदा उघडतत, मगे बिघडतलो नाय तर काय?"

तिने काकींचं नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती. आमचा फ्रीज आमच्याशिवाय उघडणारं माणूस वाडीत एकच होतं. आणि काकी कळशी घेऊन तिथेच, मागे उभ्या होत्या. मी तिथे नव्हते. आईनेच घरी येऊन सांगितलं, पाय धुता धुता, "वयनीन आयकला वाटता." नंतर ती चुलीपाशी गेली आणि भाताला आधण ठेवलं. खरं तर माझीही तीच समजूत होती. सारखं दार उघडल्याने मोटरवर ताण येतो, असं मी कुठेतरी वाचलं होतं.

मेकॅनिक आला तो एस.टी.ने, गॅसचं नळकांडं गोणपाटात गुंडाळून. कंडक्टरशी भांडून आला होता, कारण त्याने गोणपाटाचंही अर्धं तिकीट लावलं. माणूस भारी बोलका आणि स्वतःवर खूष. आधी चहा, मग इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर गोव्याहून येणाऱ्या कोणाचे फ्रीज अडकले त्याच्या गोष्टी, मग काम. त्याने फ्रीज भिंतीपासून ओढला, जाळीच्या नळ्यांना साबणाचा फेस लावला आणि बसून राहिला. थोड्या वेळाने एका जागी बुडबुडे यायला लागले. त्याने फडक्याने फेस पुसला, नळीवर बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं, आणि जिभेला लावलं.

"बाई," तो म्हणाला, "तुमच्या फ्रीजान सोलकढी प्याली!"

तो स्वतःच्याच विनोदावर खदखदून हसला. आई दारात उभी होती. ती आत गेली.

मग त्याने खर्च समजावला, आणि तो मला तोवर खरंच माहीत नव्हता. मला वाटलं होतं, गॅस संपला, गॅस भरायचा, पेट्रोल भरतात तसा. तो म्हणाला, गॅस मी आता भरून देतो, स्वस्तात होईल. पण भोक तसंच राहील आणि गणपतीला मला परत बोलवाल, परत पैसे द्याल. टाका मारायचा तर नळी जागोजागी खाल्ली आहे, इथे टाका मारला की तिथे फुटेल. खरं काम म्हणजे ही जाळी कापून टाकायची, कोल्हापूरहून नवी आणायची, जोडायची, नळीत गेलेली ओल आणि हवा पंपाने ओढून काढायची, आणि मग गॅस. "गॅसाचे पैसे थोडे, बाई. बाकीच्याचे जास्ती."

त्याने आकडा सांगितला. त्या महिन्याचा जवळजवळ सगळा पगार. आणि फ्रीजचे हप्ते अजून चालूच होते. पण "करा" म्हणाले. काकींची बाटली विहिरीत लोंबकळत होती, दुसरं काय म्हणणार?

तो गेल्यावर आई म्हणाली, "वाडयेत सांगू नको."

"आये, काकींना वाटतं आहे की त्यांच्यामुळे झालं."

"माझी सोलां बाजारात जातत. लोक म्हणतले, हिच्या सोलांनी लोखंड खाल्ला, पोटाचा काय करतली? आणि वयनी कशाक मनाक लावन घेता? ती शाणी आसा."

मी ऐकलं. आईला दोष द्यायला सोपं आहे, पण मी ऐकलं ते तिच्यासाठी नाही. मी शाळेत वर्षभर त्या सोलांची गोष्ट सांगत होते. आता तीच गोष्ट उलटी सांगायची? मुख्याध्यापकांना? नववीच्या वर्गाला?

फ्रीज दुरुस्त होऊन परत थंड व्हायला लागला. मी काकींना सांगायला गेले, "आणा बाटली." त्या म्हणाल्या, "ऱ्हवांदे गो बाय, विहीर बरी आसा." मी दोनदा तीनदा सांगितलं. "परत बिघाडलो तर? माझ्यामुळे नको." असं त्या अगदी साधेपणाने म्हणाल्या. उत्तर एकच होतं आणि ते मी गिळलं होतं.

मग एक दिवस त्या आमच्याकडे आल्या, पुढच्या दाराने. पाहुणे येतात तशा. मुंबईहून गावातलं कोणी आलं होतं, त्याच्याबरोबर मुलाने पैसे पाठवले होते. त्या आईला म्हणाल्या, "दुरुस्तीक खूप लागले म्हणतत. झिलान धाडले हत. माझ्यान झाला, माका भरूक व्हये." आई तांदूळ निवडत होती, तिने मान वर केली नाही. मी "नको काकी, अहो नको" म्हणत राहिले, एवढंच. पैसे का नकोत, ते सांगितलं नाही. त्यांनी पैसे फ्रीजवरच्या प्लॅस्टिकच्या फुलदाणीखाली ठेवले आणि गेल्या.

ते पैसे तिथेच पडून राहिले. आईने उचलले नाहीत, मी उचलले नाहीत. फ्रीज उघडायला गेलं की नजर तिकडे जायची. जेवताना मी पाठ करून बसायला लागले.

श्रावणात एका सकाळी काकींच्या विहिरीवर गडबड ऐकू आली. काथ्याची दोरी भिजून भिजून कुजली होती, तुटली. डबा तळाला गेला, आणि भरल्या विहिरीत उतरणार कोण? नवी बाटली त्यात होती, नुकतीच आणलेली. मालवणात दुकानात नव्हती. काकी म्हणाल्या, एक दोन दिवस नाय घेतला तर काय होता, मुंबईसून येतली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना उलट्या सुरू झाल्या, बोलणं जड झालं. गावातल्या डॉक्टरांनी तपासून मलाच सांगितलं, बाई, आज बाटली मिळाली तर इथे सांभाळू, नाहीतर गाडी करून रत्नागिरीला.

मी तशीच निघाले. कुडाळला मिळाली नाही, सावंतवाडीला मिळाली. तलावाजवळच्या दुकानदाराने बर्फाच्या पिशवीत घालून दिली. परतीच्या एस.टी.त ती पिशवी मांडीवर धरून बसले. बर्फाचं पाणी साडीवर ओघळत होतं. त्या सगळ्या वाटेत एकच विचार डोक्यात होता: ही बाटली आमच्या फ्रीजमध्ये, कोरड्या कप्प्यात उभी असती. फ्रीज चालू होता, जागा रिकामी होती. बाटली विहिरीत गेली ती आमच्या गप्प बसण्यामुळे.

डॉक्टरांनी सुई दिली. पहाटेपर्यंत काकी बोलायला लागल्या, दुपारी पेज प्यायल्या. त्या दिवशी मी त्यांच्या खाटेजवळ बसून सगळं सांगितलं. भिंतीवरची आकृती, जाळीवरची सोलं, आगळ, मेकॅनिकने जिभेला लावलेलं बोट. तुमच्या दार उघडण्याने काही झालं नाही, काकी. आम्हाला माहीत होतं. पैसे घ्या परत.

त्यांनी ऐकून घेतलं. मला वाटलं रडतील, किंवा जवळ घेतील. आमच्याकडच्या बायका अशा वेळी जवळ घेतात.

त्या म्हणाल्या, "तुझी आये विहिरीवर बोलली तेव्हा चार जणी होत्यो. आता तू एकटी सांगतंस आणि आयकूक मी एकटी."

मग कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं.

घरी येऊन मी आईला जसंच्या तसं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कळशी उचलली आणि मला म्हणाली, "तू येव नको." मी गेले, अंतर ठेवून. विहिरीवर नेहमीच्या बायका होत्या. आईने कळशी भरली, कमरेवर घेतली, आणि जायच्या आधी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माझ्या सोलांनी फ्रीज खाल्लो. वयनीचो काय एक संबंद नाय. मी खोटा बोल्लंय."

मग एक जण म्हणाली, "अगो, म्हणान तुझी सोलां इतकी आंबाट! लोखंडाचो अंश आसा त्यात!" आणि विहिरीवर जो हशा पिकला तो पुढे कित्येक वर्षं टिकला. आमच्याकडे कोणी आलं की पहिला प्रश्न, "सोलां खंयची? उन्हातली की फ्रीजातली?" आई हसण्यावारी न्यायची. बाजारातल्या दुकानदारानेही तेच विचारलं, आणि पुढच्या वर्षी निम्मीच सोलं घेतली. आईने त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. फ्रीजच्या मागे तिने पुन्हा हातसुद्धा घातला नाही.

काकी बऱ्या झाल्या. फुलदाणीखालचे पैसे मी त्यांच्या घरी नेऊन दिले. त्यांनी मोजले, निम्मे उशीखाली घातले, निम्मे माझ्या हातात परत ठेवले. "माझी बाटली त्यात ऱ्हवता. माझो वाटो मी दितलंय. जास्ती नाय, कमी नाय." मी वाद घातला नाही. त्यांच्या बोलण्यात दया नव्हती, सरळ हिशेब होता, आणि तो मला त्या दिवशी दयेपेक्षा बरा वाटला.

बाटली फ्रीजमध्ये परत आली. मला वाटलं, चला, झालं. आईही त्या दिवशी मोकळी वाटली, बऱ्याच दिवसांनी काकींसाठी वेगळं बिनगुळाचं काही तरी करून ठेवलं.

पण त्यानंतर काकींनी आमचा फ्रीज स्वतःच्या हाताने कधी उघडला नाही. सकाळी आणि दिवेलागणीला त्या मागच्या दारात यायच्या, उंबऱ्याबाहेर थांबायच्या. "बाय, वायच काढून दी गो." मी बाटली द्यायचे. टोचून झालं की परत यायच्या, हात पुढे करायच्या, मी घेऊन ठेवायचे. मी शंभरदा म्हटलं, काकी, आत या, घ्या तुम्ही. "नाय गो, तुझ्याच हातान बरा." रागाने नाही. पूर्वीसारख्याच हसायच्या, आईशी पूर्वीसारख्याच गप्पा मारायच्या, सोलांवरून टोमणेही मारायच्या. फक्त आत येत नसत.

मी शाळेत असले की आई काढून द्यायची. दोघी घरात नसलो तर काकी पायरीवर बसून राहायच्या. एकदा मला एस.टी. चुकून फार उशीर झाला आणि आई नात्यातल्या लग्नाला वालावलला गेली होती. दार उघडंच होतं, कडीसुद्धा लावलेली नव्हती. काकी पायरीवर बसल्या होत्या, गुडघ्यावर हात ठेवून. मी धावत आत गेले, बाटली आणून दिली. म्हटलं, "काकी, अहो, घ्यायची होतीत ना. दार उघडं होतं."

"बघलंय मी," त्या म्हणाल्या, "तू येतलंस म्हणान बसलंय." आणि बाटली घेऊन, सावकाश, त्या घरी गेल्या.